डासांशी लढाई पाण्यातच : रोनाल्ड रॉस

पेण-रोह्यात पाऊस स्थिरावला की डबकी, टायर, पिंपे भरतात आणि पाठोपाठ हिवताप डोके वर काढतो. हा ताप डास पसरवतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केले.

१८५७ मध्ये अल्मोड्यात जन्मलेले रॉस १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. हिवताप दूषित हवेने होतो, असा समज तेव्हा रूढ होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला, रुग्णाचे रक्त प्यायलेल्या ॲनोफिलीस डासाच्या जठरात त्यांना परजीवी दिसले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवरील प्रयोगांतून परजीवीचा डासाच्या लाळेपर्यंतचा प्रवास त्यांनी उलगडला. १९०२ मध्ये नोबेल मिळाले. सिएरा लिओन, इजिप्त येथे त्यांनी एकच आग्रह धरला : साचलेले पाणी हटवा, अळ्या मारा. १९३२ मध्ये ते वारले.

त्यांच्या काळी अळ्यांवर तेल ओतत. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात अळ्या मारणारा जिवाणू सापडला, तो ‘बीटीआय’. अळीने तो गिळला की त्यातील प्रथिन तिचे आतडे फाडते. माणसे, गुरे, मासे सुरक्षित राहतात. गोव्यातही त्याचा वापर झाला आहे. मात्र कोष काही खात नाही, त्यामुळे त्याच्यावर हा जिवाणू चालत नाही. म्हणून फवारणी वेळेवर हवी आणि घरातली भांडी, पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करायलाच हवीत. ताप आल्यास रक्त लगेच तपासून घ्या.