दमास्कसमधले उघडे दार

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. कुरआनने जकातीचे आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. त्यांत गरीब आणि कर्जबाजारी आहेत, तसाच घरापासून दूर अडकून पडलेला वाटसरूही आहे. वाटसरू म्हटले की मला अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर आठवतात.

1808 मध्ये मस्कारा शहराजवळ त्यांचा जन्म झाला. वडील कादिरी सिलसिल्याचे पीर. ग्यारवी शरीफ साजरी करणाऱ्यांना हा सिलसिला वेगळा सांगायला नको. 1830 मध्ये फ्रेंच फौजा अल्जीरियात उतरल्या आणि दोनच वर्षांत तिथल्या टोळ्यांनी या 24 वर्षांच्या तरुणाला आपला अमीर निवडले. पुढची 15 वर्षे ते लढले. युद्ध चालू असतानाच 1841 मध्ये अल्जियर्सचे बिशप द्यूपुश यांच्या विनंतीवरून त्यांनी कैद्यांची अदलाबदल केली.

डिसेंबर 1847 मध्ये त्यांनी शस्त्र खाली ठेवले. अलेक्झांड्रियाला किंवा अक्क्याला जाऊ देऊ, असे वचन फ्रेंचांनी दिले होते. ते मोडले गेले. तुलाँ, पो आणि आंब्वाज इथे त्यांना सुमारे 5 वर्षे कैदेत ठेवले. आंब्वाजच्या किल्ल्यात त्यांच्या सोबतची 25 माणसे दगावली. त्यांच्या कबरी तिथेच आहेत. त्यांच्या सुटकेसाठी फ्रान्समध्ये पुस्तक लिहिले ते याच बिशप द्यूपुश यांनी. 1852 मध्ये सुटका झाली. आधी तुर्कस्तानातले बुर्सा, मग 1855 पासून दमास्कस. देशोधडीला लागलेले कितीतरी अल्जीरियन त्यांच्या आसऱ्याला दमास्कसमध्येच राहिले.

1860 च्या उन्हाळ्यात लेबनॉनच्या डोंगरात द्रूझ आणि ख्रिस्ती यांच्यात कत्तली झाल्या. निर्वासित ख्रिस्ती दमास्कसला आले आणि 9 जुलैला तिथेही दंगल पेटली. ख्रिस्ती मोहल्ला जळू लागला. अमीर आपल्या अल्जीरियन साथीदारांना घेऊन गल्लोगल्ली फिरले आणि सापडतील त्या माणसांना घरी घेऊन आले. त्यांत परदेशी वकिलातींतली माणसे होती, पाद्री होते, नन होत्या. वाडा भरला, तेव्हा लोकांच्या टोळ्या करून, पहारा देऊन त्यांना शहराच्या किल्ल्यात पोहोचवले. जिवंत आणलेल्या प्रत्येक ख्रिश्चनामागे 50 पियास्तर देण्याची दवंडीही त्यांनी पिटवली. दंगलखोर दारात आले, तेव्हा आश्रयाला आलेला एकही माणूस त्यांनी हवाली केला नाही. हजारो जीव वाचले. नंतर यांतल्या अनेकांना सुखरूप बैरूतला पाठवण्याची व्यवस्थाही त्यांनी केली.

ज्यांच्या फौजेने त्यांचा मुलूख घेतला, त्यांच्याच धर्माची ही माणसे होती. बदला घ्यायचा असता, तर त्या रात्री नुसते दार लावून बसणेही पुरे होते. मीदान भागातल्या काही मुस्लिम पुढाऱ्यांनीही शेजारच्या ख्रिश्चनांना वाचवले. त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते.

फ्रान्सने आपला सर्वोच्च किताब दिला, पोपनेही गौरव केला. अब्राहम लिंकन यांनी पिस्तुलांची जोडी पाठवली. जीव वाचवणाऱ्याला पिस्तुले, ही भेट जरा गमतीचीच.

उरलेली वर्षे त्यांनी इबादत आणि अध्यापनात घालवली. मे 1883 मध्ये दमास्कसलाच त्यांचे निधन झाले. त्यांचे आवडते सूफी, शेख इब्ने अरबी यांच्या शेजारी त्यांना दफन केले गेले. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर, 1966 मध्ये, त्यांच्या अस्थी मायदेशी नेण्यात आल्या.