एरियलची आई

मुलांच्या औषधाच्या बाटलीवर वजनाप्रमाणे किती चमचे द्यायचे, ते लिहिलेले असते. तो साधा आकडा मिळवण्यासाठी एका आईला केवढे झगडावे लागले, हे एलिझाबेथ ग्लेझरचे आयुष्य वाचताना मला पदोपदी जाणवत राहिले.

एलिझाबेथचा जन्म १९४७ सालचा, न्यूयॉर्कचा. पेशा शिक्षिकेचा. १९८० साली तिने ‘स्टार्स्की अँड हच’ या मालिकेतला लोकप्रिय नट पॉल मायकेल ग्लेझर याच्याशी लग्न केले. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये एरियल जन्मली. बाळंतपणात अतोनात रक्त गेले. सात पिशव्या रक्त चढवावे लागले. आई वाचली, पण त्या रक्तातून एचआयव्ही तिच्या शरीरात शिरला. तेव्हा या रोगाचे बारसेही झाले नव्हते. रक्त तपासायची चाचणी आली ती १९८५ साली. एरियलला विषाणू मिळाला आईच्या दुधातून. १९८४ साली झालेल्या जेकला तो गर्भातच मिळाला. १९८६ साली चौघांची तपासणी झाली, तेव्हा एकटा पॉल सुटला होता.

एरियल खंगत होती. १९८७ साली एझेडटी हे पहिले औषध बाजारात आले, पण फक्त मोठ्यांसाठी! मुलांना किती द्यायचे, हे कुणी तपासलेच नव्हते. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे शरीर औषध वेगळ्या रीतीने पचवते आणि हा विषाणू त्याच्या वाढत्या मेंदूवरच घाला घालतो. एरियलचे चालणे-बोलणे थांबले होते. खटपटी करून अखेर तिला शिरेतून एझेडटी मिळाले आणि ती पुन्हा बोलू लागली. परंतु फार उशीर झाला होता. ऑगस्ट १९८८ मध्ये, सात वर्षे नुकतीच पुरी झाली असताना, ती गेली.

मला वाटते, खरी एलिझाबेथ दिसते ती इथून पुढे. रडत बसायला तिला सवड नव्हती, कारण जेक अजून हाताशी होता. सुझन डीलॉरेंटिस आणि सूझी झीगन या मैत्रिणींसह स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने त्याच वर्षी मुलांच्या एड्स संशोधनासाठी संस्था काढली. वॉशिंग्टनचे उंबरे झिजवले, अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष दिली. १९९० साली एझेडटीला मुलांसाठी मान्यता मिळाली. १९९२ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने आपली कहाणी साऱ्या देशासमोर मांडली.

१९९४ साली एका चाचणीचे निष्कर्ष आले. गरोदर आईला आणि नवजात बाळाला एझेडटी दिल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा पंचविसांवरून आठांवर येत होते. त्याच वर्षी, ३ डिसेंबरला, एलिझाबेथ गेली. वय अवघे ४७. जेक मात्र नव्या औषधांवर जगला, वाढला.

भारतात सरकारी मोफत उपचार २००४ साली सुरू झाले. मुलांसाठीची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्राविरची गोळी २०२० साली स्वस्तात पुढे आली. ती बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिओड्स ही कंपनी आहे. तरीही २०२३ साली जगात लागण झालेल्या मोठ्यांपैकी ७७ टक्क्यांना उपचार मिळत होते, मुलांपैकी ५७ टक्क्यांनाच. उपचाराविना निम्मी बाळे दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. या दोन आकड्यांतले अंतर मिटेपर्यंत एरियलच्या आईचे काम संपले, असे मला म्हणवत नाही.