ऑगस्टस सीबे

ख्रिश्चन ऑगस्टस सीबे (१७८८ – १५ एप्रिल, १८७२) हे जर्मन वंशाचे ब्रिटिश अभियंते आणि धातुकाम करणारे कुशल कारागीर होते. तांब्याचे शिरस्त्राण आणि अंगभर रबरी कापडाचा पोशाख पाणी न शिरेल अशा रीतीने एकमेकांना जोडून त्यांनी पाणबुड्यांसाठी बंद पोशाख तयार केला. पाणबुड्याचे शरीर कोरडे ठेवणाऱ्या आजच्या ड्रायसूटच्या पूर्वजांमध्ये या पोशाखाची गणना होते.

सुरुवातीचे जीवन

सीबे यांचा जन्म सॅक्सनीमध्ये झाला. त्यांचे बालपण बर्लिनमध्ये गेले आणि तेथेच ते धातूचे ओतकाम शिकले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत त्यांनी प्रशियाच्या तोफखान्यात सेवा केली. वॉटर्लूच्या लढाईनंतर ते लंडनला आले व तेथेच स्थायिक झाले. पुढे सोहो भागातील डेन्मार्क स्ट्रीट येथे त्यांनी आपला कारखाना थाटला.

उघडा पोशाख

चार्ल्स डीन यांनी १८२३ मध्ये धुराने भरलेल्या जागेत शिरण्यासाठी शिरस्त्राणाचे पेटंट घेतले होते. त्यांनी व त्यांचे बंधू जॉन यांनी हीच कल्पना पाण्याखालील कामासाठी वापरली आणि शिरस्त्राणे घडवण्याचे काम सीबे यांच्याकडे आले. त्यामुळे शिरस्त्राणाच्या मूळ कल्पनेचे श्रेय डीन बंधूंकडे जाते.

या पोशाखात पंपाने नळीवाटे आत सोडलेली हवा शिरस्त्राणाच्या खालच्या मोकळ्या कडेतून बाहेर पडत असे. पाणबुडा उभा असेपर्यंत हवेच्या दाबामुळे पाणी खालीच राही. मात्र तो वाकला किंवा तोल जाऊन पडला, तर शिरस्त्राणात पाणी भरून त्याचा जीव धोक्यात येई.

बंद पोशाख

जॉर्ज एडवर्ड्स या अभियंत्याने आधी केलेल्या सुधारणा पुढे नेत सीबे यांनी १८३७ च्या सुमारास शिरस्त्राण पोशाखालाच घट्ट जोडले. कापडाच्या दोन थरांमध्ये रबर असलेल्या या पोशाखाची गळपट्टी धातूच्या छातीपट्टावर स्क्रूंनी आवळली जाई. मनगटाशी घट्ट बसणाऱ्या रबरी पट्ट्या असत. वापरलेली हवा झडपेतून बाहेर जाई. पाणबुडा आत लोकरीचे कपडे घालून कोरडा व उबदार राहू शके आणि वाकून काम करतानाही पाणी आत येत नसे.

या पोशाखाची खरी परीक्षा पोर्ट्‌स्मथजवळील स्पिटहेड येथे झाली. २९ ऑगस्ट, १७८२ रोजी तेथे 'रॉयल जॉर्ज' ही युद्धनौका बुडून ८०० हून अधिक माणसे मरण पावली होती. तिचे अवशेष जहाजांच्या मार्गात अडथळा ठरत असल्याने कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्या नेतृत्वाखाली १८३९ ते १८४३ या काळात ते हटवण्यात आले. या कामाच्या गरजा पाहून सीबे यांनी पोशाखात बदल केले. त्यांपैकी एक म्हणजे शिरस्त्राण छातीपट्टापासून वेगळे करता येण्याची सोय.

पोशाखाची निगा

बंद पोशाखामुळे पाणबुड्याची सुरक्षितता रबराच्या अखंडतेवर अवलंबून राहिली. नैसर्गिक रबर ऊन, उष्णता, तेल आणि तांब्याचा दीर्घ संपर्क यांमुळे खराब होते. प्रक्रिया न केलेले रबर तर उन्हाळ्यात चिकट व थंडीत कडक होई. रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची पद्धत १८४० च्या दशकात प्रचारात आल्यावर हा दोष बराच कमी झाला.

काम संपल्यावर अशा पोशाखावरील खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागे. घाम व दमटपणा यांमुळे आतील कापड कुजू नये म्हणून पोशाख आतूनही पूर्ण वाळवणे आवश्यक असे. वाळवण्यासाठी सावली व खेळती हवा लागे, कारण उन्हात कापड लवकर सुकले तरी रबर निकामी होते. काम दीर्घकाळ बंद राहणार असेल, तेव्हा पोशाख धातूच्या भागांपासून वेगळा करून टांगून ठेवणे हिताचे असे. घडी फार काळ राहिल्यास तिच्या रेषेवर रबराला भेगा पडतात. झडपांत मीठ साचल्यास त्या नीट मिटत नाहीत, म्हणून त्या स्वतंत्रपणे साफ कराव्या लागत.

आजच्या ड्रायसूटचे कापड व चेन निराळी असली तरी हंगाम संपल्यावरची त्याची निगा याच तत्त्वांवर होते. गोड्या पाण्याने धुणे, आतून-बाहेरून वाळवणे, गळ्याच्या व मनगटाच्या लॅटेक्स पट्ट्यांना सुगंधविरहित टाल्कम पावडर लावणे आणि सूट थंड, अंधाऱ्या जागी ठेवणे, असा तो क्रम आहे.

इतर कार्य

सीबे यांनी पाण्याचे पंप व इतर यंत्रेही बनवली. जेम्स हॅरिसन यांच्या आराखड्यावर आधारित बर्फ तयार करणारी यंत्रे त्यांच्या कारखान्यात तयार झाली. लंडन येथील १८५१ च्या व पॅरिस येथील १८५५ च्या प्रदर्शनांत त्यांच्या कामाला पदके मिळाली.

मृत्यू व वारसा

सीबे यांचे १८७२ मध्ये लंडन येथे निधन झाले. वेस्ट नॉरवुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचा मुलगा हेन्री आणि जावई विल्यम ओ'गॉर्मन यांनी व्यवसाय पुढे चालवला. 'सीबे गॉर्मन' या नावाने ही कंपनी विसाव्या शतकातही पाणबुड्यांची साधने बनवत राहिली. डेन्मार्क स्ट्रीटवरील त्यांच्या जागेवर स्मृतिफलक लावण्यात आला आहे.