जेम्स पॅरिस ली

जेम्स पॅरिस ली (९ ऑगस्ट, इ.स. १८३१:हॉइक, स्कॉटलंड - २४ फेब्रुवारी, इ.स. १९०४:शॉर्ट बीच, कनेक्टिकट, अमेरिका) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले कॅनेडियन-अमेरिकन संशोधक व शस्त्ररचनाकार होते. रायफलीच्या बोल्टखाली बसणारे सुटे पेटी-मॅगझिन आणि वेगाने चालणारी बोल्ट यंत्रणा यांसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या रचनेवरून तयार झालेली ली-एनफील्ड ही .३०३ व्यासाची रायफल अर्ध्या शतकाहून अधिक काळ ब्रिटिश साम्राज्यातील आणि पुढे स्वतंत्र भारतातील लष्कराचे व पोलिसांचे मुख्य शस्त्र होती. भारतात ती ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने परिचित आहे.

बालपण व शिक्षण

ली यांचे वडील घड्याळे व दागिने घडवणारे कारागीर होते. १८३०च्या दशकात हे कुटुंब कॅनडातील गॉल्ट (आताचे केंब्रिज, ओंटारियो) येथे स्थायिक झाले. ली यांनी शालेय शिक्षणानंतर वडिलांच्या दुकानातच उमेदवारी केली. सूक्ष्म मापे, स्प्रिंगा आणि एकमेकांत अचूक बसणारे धातूचे भाग यांच्याशी त्यांचा संबंध असा लहानपणीच आला. बंदुकांची आवडही त्याच वयातली. तारुण्यात त्यांनी चॅटम येथे घड्याळांचे स्वतंत्र दुकान काढले आणि तेथेच विवाह केला. १८५८ मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेले.

पहिला उद्योग व अपयश

त्या काळी सैन्याकडे प्रामुख्याने नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासण्याच्या बंदुका होत्या. अशा बंदुका मागून भरता याव्यात यासाठी ली यांनी एक रचना तयार केली आणि १८६२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या अखेरीस त्यांना प्रत्येकी १८ डॉलर दराने १,००० कार्बाइन पुरवण्याचे सरकारी कंत्राट मिळाले. मिलवॉकी येथे कंपनी स्थापन झाली. परंतु काडतुसाच्या व्यासाचे माप कसे धरावे यावरून वाद उद्भवला आणि सरकारने माल नाकारला. युद्धही तोपर्यंत संपले होते. या व्यवहारात कंपनीचे मोठे नुकसान झाले.

पुढे स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत त्यांनी एका वेळी एकच गोळी भरणारी नवी रायफल तयार केली. १८७५च्या या नमुन्याच्या केवळ १४३ रायफली बनवल्या गेल्या.

सुटे मॅगझिन

एकाहून अधिक गोळ्या साठवणाऱ्या तत्कालीन अनेक रायफलींमध्ये काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक ठेवली जात. या पद्धतीत एका काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकत असे, त्यामुळे अपघाताचा धोका राही. गोळ्या संपत जातील तसा शस्त्राचा तोलही बदलत असे. ली यांनी काडतुसे एकावर एक रचणारी पोलादी पत्र्याची पेटी बोल्टच्या खाली बसवली. पेटीतील स्प्रिंग काडतुसांना वर ढकलते आणि पुढे सरकणारा बोल्ट वरचे काडतूस नळीत नेतो. ही पेटी काढता-घालता येत असे. ४ नोव्हेंबर, १८७९ रोजी त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले.

अमेरिकी नौदलासाठी या रायफलीचे उत्पादन शार्प्स कंपनीने हाती घेतले. मात्र ती कंपनी १८८१ मध्ये बंद पडली आणि काम रेमिंग्टन कंपनीकडे गेले. १८९५ मध्ये ली यांची ६ मिलिमीटर व्यासाची, बोल्ट सरळ मागे ओढण्याची रायफल अमेरिकी नौदलाने स्वीकारली. तिचे उत्पादन विंचेस्टर कंपनीने केले. परंतु तिचा वापर फार काळ टिकला नाही.

ली-मेटफर्ड व ली-एनफील्ड

ब्रिटिश लष्कराने १८८०च्या दशकात अनेक मॅगझिन रायफलींच्या दीर्घ चाचण्या घेतल्या. अखेरीस ली यांचा बोल्ट व मॅगझिन आणि विल्यम मेटफर्ड यांनी योजलेले नळीतील आटे यांचा संयोग करून डिसेंबर १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारण्यात आली. काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट वापरात आल्यावर तिच्या उष्णतेने मेटफर्ड यांचे उथळ आटे लवकर झिजू लागले. म्हणून एनफील्ड शस्त्रशाळेने अधिक खोल आट्यांची नळी तयार केली. १८९५ मध्ये आलेल्या या रायफलीस ली-एनफील्ड हे नाव मिळाले.

आखूड रायफलीची निवड

पायदळासाठी लांब रायफल व घोडदळासाठी आखूड कार्बाइन अशी दोन शस्त्रे ठेवण्याची तेव्हा पद्धत होती. लांब रायफल घोड्यावरून वागवणे अवघड होते, तर कार्बाइनचा दूरवरचा नेम कमी पडे. शिवाय दोन शस्त्रांसाठी उत्पादन, सुटे भाग व प्रशिक्षण यांचा खर्चही दुहेरी होई. दुसऱ्या बोअर युद्धातील (१८९९–१९०२) अनुभवानंतर ब्रिटिशांनी सर्वांसाठी एकच आखूड रायफल ठेवण्याचे ठरवले. नळी सुमारे ७७ सेंटिमीटरवरून ६४ सेंटिमीटरवर आणि एकूण लांबी सुमारे १२६ सेंटिमीटरवरून ११३ सेंटिमीटरवर आली. वजन सुमारे ४ किलो राहिले. पट्टीत बसवलेली पाच काडतुसे एकदम मॅगझिनमध्ये ढकलण्याची सोय करण्यात आली. त्यामुळे पेटी सुटी असली तरी प्रत्यक्षात ती रायफलीवरच ठेवून वरून भरली जाई.

ही निवड वादग्रस्त ठरली. ली यांच्या बोल्टला अडकवणारे खाचे मागच्या बाजूस होते. जर्मन माउझर रायफलीत ते पुढे, काडतुसाजवळ असत. त्यामुळे माउझरची यंत्रणा अधिक ताठ मानली जाई. याउलट ली यांचा बोल्ट कमी अंतर मागे ओढावा लागे, त्याची मूठ कमी कोनातून फिरे आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावत. नेमबाजीच्या मैदानावर माउझर सरस वाटली, तरी जलद गोळीबारात ली-एनफील्ड पुढे होती. ब्रिटिशांनी माउझरच्या धर्तीवर नवी रायफल तयार करण्यास आरंभही केला होता. परंतु १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्याने ती योजना मागे पडली. युद्धकाळात मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी व दूरच्या माऱ्याची दर्शके वगळून रायफल आणखी स्वस्त व सोपी करण्यात आली.

आखूडपणाची मर्यादा १९४४च्या ‘जंगल कार्बाइन’ने दाखवून दिली. दाट जंगलातील युद्धासाठी तयार केलेले हे शस्त्र सुमारे १०० सेंटिमीटर लांब व ३.२ किलो वजनाचे होते. ते वागवण्यास सोपे होते, पण त्याचा झटका, आवाज व ज्वाला तीव्र होत्या आणि नेम सरकत असल्याच्या तक्रारी आल्या.

भारतातील वापर

१८५७च्या उठावानंतर भारतीय सैनिकांना ब्रिटिश सैनिकांपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण होते आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर निर्बंध घातले. त्यामुळे ली यांची रायफल भारतीयांच्या हाती उशिरा आली. पुढे बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तिचे उत्पादन होऊ लागले; .३०३ काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत.

निजामाच्या राज्यात असलेल्या बीड जिल्ह्यातील मोमिनाबाद (आताचे अंबाजोगाई) येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंटच्या पलटणी भारतीय लष्करात विलीन झाल्या. त्यांपैकी एका रिसाल्यापासून बनलेल्या २०व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै, १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत हाय वुडजवळ भाल्यांनिशी हल्ला चढवला. खंदक व यंत्रतोफांच्या (मशीनगन) या युद्धात घोडदळाला वारंवार पायउतार होऊन लढावे लागले आणि तेथे आखूड रायफलीची उपयुक्तता दिसून आली.

सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादवरील कारवाईतही भारतीय पायदळाचे मुख्य शस्त्र .३०३ हेच होते. बहुसंख्य रझाकारांकडे मात्र ठासणीच्या बंदुका व तलवारी होत्या. १७ सप्टेंबर रोजी बीडसह संपूर्ण मराठवाडा मुक्त झाला. १९६२च्या भारत-चीन युद्धात ही रायफल कालबाह्य झाल्याचे स्पष्ट झाले. १९६०च्या दशकात ईशापूर येथे तिचा ७.६२ मिलिमीटर व्यासाचा नमुना तयार करण्यात आला. पोलिसांकडे जुनी रायफल आणखी अनेक वर्षे राहिली. २६ नोव्हेंबर, २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील हल्ल्यात रेल्वे पोलिसांच्या .३०३ रायफली अतिरेक्यांच्या स्वयंचलित शस्त्रांपुढे अपुऱ्या पडल्या. त्यानंतर पोलिसांच्या शस्त्रांच्या आधुनिकीकरणाच्या मागणीस जोर आला.

नागरी वापर

भारतात लष्करी काडतूस वापरू शकणाऱ्या रायफली सामान्य परवानाधारकांसाठी प्रतिबंधित आहेत. म्हणून सरकारी शस्त्र कारखान्यांनी ली यांच्याच यंत्रणेवर आधारलेली .३१५ व्यासाची रायफल तयार केली. आयातीवरील बंधनांमुळे परदेशी रायफली दुर्मीळ व महाग झाल्याने ही स्वदेशी रायफल परवानाधारकांची परवडणारी निवड ठरली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हेतू उरला नाही. आत्मसंरक्षण, पीकसंरक्षण व नेमबाजी ही परवान्याची प्रमुख कारणे राहिली. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवाने राज्यभर चर्चेचा विषय झाले आणि जिल्हा प्रशासनाने फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले.

मृत्यू व वारसा

नवी आखूड रायफल सैन्याच्या हाती पडू लागली त्याच सुमारास, २४ फेब्रुवारी, १९०४ रोजी ली यांचे निधन झाले. दोन्ही महायुद्धांतील तिचा वापर त्यांना पाहता आला नाही. ली-एनफील्ड गटातील रायफलींची एकूण संख्या सुमारे १ कोटी ७० लाख असल्याचा अंदाज केला जातो. नेमातील अचूकतेत किंवा यंत्रणेच्या ताठपणात ती सर्वश्रेष्ठ नव्हती. वेग, आटोपशीर लांबी आणि मोठ्या संख्येने उत्पादन करता येण्याजोगी रचना यांच्या मेळामुळे ती टिकली. बोल्टखालच्या सुट्या पेटीची ली यांची कल्पना मात्र त्यांच्या रायफलीपेक्षाही दीर्घायुषी ठरली असून आजच्या बहुतेक लष्करी रायफलींत ती वापरली जाते.