दारोदारी तांदूळ मागणारे संत त्यागराज

पहाटे वासुदेव दारी आला की आपण त्याला पसाभर धान्य घालतो ना? तामिळनाडूत कावेरीकाठच्या तिरुवैयारू गावी संत त्यागराज (१७६७-१८४७) असेच रामाची भजनं गात फिरून तांदूळ मिळवायचे. रचना तेलुगूत. तंजावरला तेव्हा आपलेच भोसले. सरफोजीराजांनी दरबारी बोलावलं, हे गेले नाहीत, असं सांगतात. रागावलेल्या भावाने पूजेतली मूर्तीच नदीत फेकली म्हणे!

पुढचं ऐका. मागे समाधीची पार पडझड झाली. बंगळूरच्या देवदासी घराण्यातल्या गायिका नागरत्नम्मांनी १९२० च्या दशकात दागिने विकून तिथे मंदिर बांधलं. आणि उत्सवात गायला बायांनाच बंदी! मग त्यांनी बायांचा वेगळा उत्सव मांडला. १९४० च्या सुमारास सगळे एक झाले. आता पौष वद्य पंचमीला शेकडो बाया-बापे समाधीपुढे बसून त्यागराजांच्या पाच रचना एकसुरात गातात.