दादासाहेब फाळके : वेड आणि व्यवहार

आमच्या वाकोल्याच्या वर्गात मी सिनेमात जाणार म्हणणारं एखादं पोर दरवर्षी असतंच. घरचे लगेच ओरडतात. मला मग दादासाहेब फाळके आठवतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकले. पुढे छापखाना काढला, पण भागीदारांशी पटले नाही. वय चाळीस, हातात काम नाही. त्यातच ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचे वेड लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. आपल्या घरात कोणी असं केलं तर आपण काय म्हणू, जरा विचार करा! सरस्वतीबाईंनी मात्र फिल्मला भोकं पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. फाळके अडून बसले नाहीत. हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके यांना साडी नेसवली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

बोलपट आले आणि काळ बदलला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकच बोलपट, नंतर चित्रपट नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला गेले. हा शेवटचा भाग मी वर्गात गाळत नाही. मुलं थोडा वेळ गप्प बसतात, मग विचारतात, बाई, साळुंके साडीत कसे दिसले असतील?