प्रकाशाची मात्रा ठरविणारे वैद्य : नील्स फिन्सन

डेन्मार्कचे डॉक्टर नील्स रायबर्ग फिन्सन यांना १९०३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकृती अत्यंत ढासळल्यामुळे ते स्वीकारण्यासाठी त्यांना स्टॉकहोमला जाता आले नाही. प्रकाशकिरणांच्या साहाय्याने शेकडो रुग्णांचे विद्रूप झालेले चेहरे बरे करणाऱ्या या वैद्याच्या स्वतःच्या आजारावर मात्र कोणताच उपचार उपलब्ध नव्हता. पारितोषिकानंतर दहा महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. आजच्या भौतिकोपचारात व त्वचारोग विभागात प्रकाश, उष्णता आणि ध्वनिलहरी यांचा जो मोजूनमापून वापर केला जातो, त्यामागील शिस्तीचा एक आरंभबिंदू फिन्सन यांच्या अल्पायुषी कारकिर्दीत सापडतो.

फिन्सन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर, टोर्सहाव्हन येथे झाला. वडील मूळच्या आइसलँडच्या घराण्यातील असून बेटांच्या प्रशासनात अधिकारी होते. नील्स लहान असतानाच आई वारली. डेन्मार्कमधील शाळेत त्यांची प्रगती यथातथाच होती. पुढे त्यांना आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील शाळेत पाठविण्यात आले. हिवाळ्यात दिवस जेमतेम काही तासांचा आणि आकाश बहुधा ढगाळ, अशा प्रदेशात त्यांचे बालपण व तारुण्य गेले. सूर्यप्रकाश ही तेथे सहज मिळणारी गोष्ट नव्हती.

१८८२ साली वैद्यकीय शिक्षणासाठी ते कोपनहेगनला आले. तेथे उत्तरेकडे तोंड असलेल्या, ऊन न येणाऱ्या खोलीत राहत असताना त्यांना सतत थकवा व रक्तक्षय जाणवू लागला. उन्हात बसल्यावर बरे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. याच काळात यकृत, हृदय व प्लीहा यांना ग्रासणाऱ्या दुर्धर विकाराची लक्षणे त्यांच्यात दिसू लागली. हा विकार अखेरपर्यंत त्यांच्या सोबतीला राहिला. १८९० साली पदवी मिळाल्यानंतर त्यांनी विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात काम केले. १८९३ साली ती नोकरी सोडून त्यांनी स्वतःला पूर्णपणे प्रकाशाच्या अभ्यासाला वाहून घेतले. संसार नुकताच मांडलेला, शरीर साथ न देणारे आणि विषय असा की, त्यावर उपजीविका चालेल याची शाश्वती नाही. अशा स्थितीत घेतलेला हा निर्णय होता.

प्रकाशाचा शरीरावर परिणाम होतो ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे इंग्लंडमधील संशोधकांनी १८७७ साली दाखविले होते. ऊन लागून कातडी भाजते ती उष्णतेमुळे नव्हे, तर अतिनील किरणांमुळे, हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ एरिक विडमार्क यांनी सिद्ध केले होते. फिन्सन यांनी यातून एक व्यावहारिक प्रश्न उभा केला. एकाच सूर्यकिरणात उष्णताही असते आणि रासायनिक परिणाम करणारा प्रकाशही असतो. मग अपाय कोणता भाग करतो, उपकार कोणता करतो आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे कसे काढायचे?

पहिले प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. हाताच्या कातडीवर काळ्या शाईचा पट्टा ओढून ते हात उन्हात धरून बसले. शाई धुतल्यावर पट्ट्याखालची कातडी पांढरी राहिली आणि आजूबाजूची कातडी काही तासांनी लाल होऊन सुजली. पुढे ही कातडी काळवंडली. मग शाई न लावता तोच हात पुन्हा उन्हात धरला, तेव्हा पूर्वी झाकलेला पांढरा भागच भाजला आणि काळवंडलेला भाग सुरक्षित राहिला. या साध्या प्रयोगातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कातडीवरील रंगद्रव्य हे शरीराचे नैसर्गिक संरक्षण आहे, ही पहिली. चटका लागताच कळतो, पण किरणांनी झालेली इजा उशिरा दिसते, ही दुसरी. त्यामुळे किरणांचा उपचार देताना रुग्णाच्या तत्काळ जाणिवेवर विसंबता येत नाही. मात्रा आधीच ठरवावी लागते.

त्यांचा पहिला गाजलेला प्रस्ताव देवीच्या रोगाविषयी होता. रुग्णाला लाल पडदे लावलेल्या खोलीत ठेवून अतिनील किरण अडविले, तर फोड पिकणार नाहीत आणि व्रण राहणार नाहीत, असे त्यांनी १८९३ साली मांडले. नॉर्वेतील बर्गन येथे त्याचा वापर झाला आणि सुरुवातीचे अहवाल अनुकूल आले. मात्र नंतरच्या डॉक्टरांना तसा गुण सर्वत्र आला नाही. देवीचे निर्मूलन पुढे झाले ते लसीकरणाने.

खरे यश मिळाले ते त्वचेच्या क्षयरोगात. लुपस व्हल्गॅरिस नावाने ओळखला जाणारा हा विकार नाक, गाल व ओठ हळूहळू कुरतडत असे. शस्त्रक्रिया व जाळण्याचे उपाय करूनही तो परत उद्भवे. रुग्ण लोकांत मिसळणे टाळत, कामधंद्याला मुकत. नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीजकेंद्रात, तेथील आर्क दिव्याच्या साहाय्याने, फिन्सन यांनी एका अभियंत्यावर उपचार सुरू केले. अनेक वर्षे उपचारांना दाद न देणारा त्याचा रोग काही महिन्यांत हटू लागला. पुढील वर्षी, १८९६ साली, नागरिकांच्या देणग्या व सरकारी साहाय्य यांतून फिन्सन वैद्यकीय प्रकाश संस्था उभी राहिली.

त्यांच्या उपकरणाची रचना म्हणजे सुरक्षिततेचा पाठच होता. कार्बनच्या कांड्यांमधील विद्युत ज्योतीचा प्रखर प्रकाश भिंगांच्या नळीतून एका लहानशा ठिकाणी एकवटला जाई. साधी काच अतिनील किरण शोषून घेते म्हणून भिंगे स्फटिकाची केली होती. प्रकाशाबरोबर येणारी उष्णता कातडी जाळेल म्हणून मार्गात पाण्याचा थर ठेवला होता. तिसरी अडचण रक्ताची होती. पत्नीच्या कानाच्या पाळीमागे छायाचित्रणाचा कागद ठेवून त्यांनी पाहिले की, पाळी दाबून त्यातील रक्त हटविले तरच प्रकाश आरपार जाऊन कागद काळा पडतो. म्हणून गार पाणी खेळविलेले स्फटिकाचे दाबभिंग परिचारिका रुग्णाच्या कातडीवर दाबून धरत. एका वेळी अगदी छोटा भाग, सुमारे एक तास, रोज, आणि असे कित्येक महिने हा उपचार चाले. त्यात घाई करून भागत नसे.

कीर्ती झपाट्याने पसरली. मूळच्या डॅनिश राजकन्या असलेल्या अलेक्झांड्रा यांच्या पुढाकाराने १९०० साली लंडन येथील रुग्णालयात फिन्सन दिवा पोहोचला. नोबेल मिळविणारे ते पहिले डॅनिश नागरिक ठरले. पारितोषिकाच्या रकमेतील मोठा वाटा त्यांनी आपली संस्था आणि हृदय व यकृताच्या रुग्णांसाठीचे आरोग्यधाम यांना दिला. स्वतः चाकांच्या खुर्चीला खिळलेले असतानाही त्यांनी आपल्या आहारातील मीठ व पाणी यांची काटेकोर नोंद ठेवली आणि शरीरात साठणाऱ्या मिठाविषयीचा निबंध १९०४ साली प्रसिद्ध केला. आपल्याच आजाराचे ते अखेरपर्यंत निरीक्षक राहिले.

त्यांच्या उपचाराचे फळ खरे होते, पण त्याचे स्पष्टीकरण अपुरे होते, हे शंभर वर्षांनी उघड झाले. २००५ साली डॅनिश संशोधकांनी जुनी उपकरणे तपासली, तेव्हा ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण त्यांतून बाहेरच पडत नव्हते, असे आढळले. क्षयाच्या जंतूंमधील पॉर्फिरिन नावाची द्रव्ये निळसर-जांभळ्या प्रकाशाने उद्दीपित होऊन जंतूंचा नाश होत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

प्रतिजैविके आल्यावर क्षयासाठी फिन्सन दिव्याची गरज उरली नाही. मात्र सोरायसिस, कोड यांसारख्या विकारांत अतिनील किरणांचे आणि नवजात बालकांच्या काविळीत निळ्या प्रकाशाचे उपचार आजही दिले जातात. अतिनील उपचारापूर्वी कातडी किती मात्रेला लाल होते हे पाहिले जाते आणि मात्रा टप्प्याटप्प्याने वाढविली जाते. रुग्ण व उपचारक दोघांचेही डोळे चष्म्याने झाकले जातात. प्रकाशाला संवेदनशील बनविणारी औषधे सुरू आहेत का, याची विचारणा होते. भौतिकोपचार कक्षात शेक देण्यापूर्वी कातडीला गरम-गार कळते का, हे तपासतात. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या रुग्णाला भाजल्याचे कळतही नाही. स्वनातीत ध्वनीचा उपचार देताना यंत्राचे टोक एका जागी न ठेवता सतत फिरवितात, म्हणजे एकाच ठिकाणी उष्णता साचत नाही.

दिवा, शेक किंवा ध्वनियंत्र आज बाजारात सहज विकत मिळते आणि वेदनेने त्रासलेला माणूस ते तज्ज्ञाच्या सल्ल्याविना घरी वापरूनही पाहतो. फिन्सन यांनी मात्र प्रत्येक किरण रुग्णाच्या कातडीवर पडण्याआधी त्यातील अपायकारक भाग गाळला आणि उपचार बेताने दिला. गुण देणारी शक्तीच अपायही करू शकते, हे त्यांनी पहिल्यांदा आपल्याच हातावर पाहिले होते.